एकुवा थांबली, एबोने पद धरलं

आराबाने देवाकडे आयुष्यात पुष्कळ काही मागितलं. नवऱ्याला ताकोराडीच्या बंदरात कायमचं काम मागितलं, छपराला नवे पत्रे मागितले, आणि गुडघ्यांसाठी तर रोजचंच मागणं होतं. पण मुलं बदलून दे, असं तिने कधी मागितलं नाही. तसं मागावं असं सुचवणाऱ्या बाया घानातल्या त्या साल्टपाँड गावात कमी नव्हत्या, हेही सांगायला हवं.

थोरली एकुवा, चौदा वर्षांची. बोलायला लागली तर मासळीबाजारातल्या बायांनाही गप्प करील अशी, पण पुस्तक समोर आलं की तिचे ओठ शिवल्यासारखे व्हायचे. अक्षरं तिच्यासमोर जागा बदलत. शाळेत मास्तरांनी तिला मागच्या बाकावर बसवलं होतं आणि ती मागचीच झाली होती. धाकटा एबो दहाचा. त्याला बूड टेकणं ठाऊक नव्हतं. मीठ आणायला पाठवावं तर हातात जिवंत खेकडा नाचवत यायचा.

"अरे, मीठ कुठंय?"

"कुठलं मीठ?" असं तो इतक्या भाबडेपणाने विचारायचा की मारायला उचललेला हात आराबा स्वतःच्याच कपाळाला लावायची.

महिला मंडळातल्या एक बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "आराबा, दोन-दोन पोरं अशी? काहीतरी आहे घरात. त्या डोंगरावरच्या प्रार्थनाछावणीत घेऊन जा, पोरांना उपास करायला लाव."

"उपास?" आराबा म्हणाली. "एबोला उपास घडवला तर तो छावणी खाऊन टाकील."

बाया हसल्या, विषय तेवढ्यावर मिटला. पण आराबाच्या मनात काटा राहिलाच. म्हणून एके दिवशी ती दोन गाड्या बदलून मुलांना केप कोस्टला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांशी निवांत खेळ खेळले, चित्रं दाखवली, वाचून घेतलं. मग म्हणाल्या, मुलीला डिस्लेक्सिया आहे, ती मठ्ठ नाही की आळशी नाही, वाचायची वाट तिला हळू आणि हाताला धरून चालावी लागेल. मुलाला एडीएचडी आहे, तो व्रात्य नाही, त्याचं लक्ष आणि त्याचे पाय अजून त्याच्या ताब्यात आलेले नाहीत. आराबाने ती अवघड नावं ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "बाई, माझ्या हातून काही चुकलं का?"

"नाही."

तेवढं 'नाही' ऐकायलाच ती आली होती.

तिथून पुढे तिने आपल्या स्वयंपाकघरातच शाळा मांडली. आराबा केन्की करून विकायची. मक्याचं आंबवलेलं पीठ, त्यातलं निम्मं मोठ्या पातेल्यात चुलीवर शिजवायचं, बाकीचं त्यात मळायचं, केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून उकडायचं. चुलीवरच्या पिठाला न थांबता ढवळणारा माणूस लागतो, नाहीतर ते बुडाला लागतं. देवाने असा माणूस घरातच दिला होता. एबोच्या हातात लाकडी वल्हं दिलं की त्याचे पाढे आपोआप बाहेर पडत. बसवलं की तेच तोंड मुकं. त्याला कामं सांगायची ती एकावेळी एकच, हे आराबाने स्वतःला शिकवलं. मीठ तर फक्त मीठ. येताना तेल आण म्हटलं की दोन्ही गेलं.

एकुवासाठी ती मळलेल्या पिठाच्या वळ्या करून अक्षरं मांडायची. पोरीने ती बोटाने गिरवायची, आवाज करायचा, मग तेच पीठ पानात जायचं. एबो जेवताना म्हणायचा, "ताई, आज मी तुझी तीन अक्षरं खाल्ली. एक जरा आंबट होतं."

साखरेच्या वड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आराबाने त्याला एक लांबट खिडकी पाडली होती. ओळीवर तो पुठ्ठा ठेवला की तेवढीच ओळ दिसायची, आजूबाजूची गर्दी झाकली जायची. एकुवा त्या खिडकीतून हळूहळू वाचायला लागली. हळू म्हणजे फार हळू. तिचं एक पान होईस्तोवर चुलीवरची एक खेप उतरायची. पण वाचायला लागली.

या सगळ्यात आराबाच्या पाठीशी उभी होती ती तिची आई. तिचंही नाव एकुवाच, नातीला तिचंच नाव ठेवलेलं. एकुवा आजीला अक्षरओळख अजिबात नव्हती, पण चर्चच्या मंडळीत तिच्यासारखं पद धरणारी दुसरी बाई नव्हती. इथल्या फान्ती लोकांच्या मंडळीत ही जुनी रीत आहे. पाळक बोलत असोत की कुणी शास्त्राचा धडा वाचत असो, एखाद्या बाईला आतून भरून आलं की ती बसल्या जागी पद धरते, बाकीच्या बाया ध्रुपद घेतात. वाचणारा थांबतो, पद ओसरलं की पुढे वाचतो. कुणी रागावत नाही. ज्यांना गीतांचं पुस्तक वाचता येत नव्हतं अशा जुन्या बायांनीच ही पदं बांधली, आणि ती अशीच तोंडातोंडी राहिली.

उपासनेला एबो आजीच्या शेजारी बसायचा, कारण दुसऱ्या कुणाला तो आवरत नसे. आजी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि त्या गुडघ्यावरच ताल धरायची. तसं करता करता तिची सगळी पदं त्या पोराच्या गुडघ्यातून आत गेली होती.

एकदा मासे साफ करताना चार बायांच्या देखत आजी म्हणाली, "मी गेले की नातवंडांची श्रद्धांजली माझ्या नावाची पोर वाचेल. आत्ताच सांगून ठेवते."

पुढच्या सुगीच्या सुमारास आजी झोपेतच गेली.

इकडे शव शवागारात ठेवून अंत्यविधी महिन्या-दीड महिन्याने करतात. त्याची बैठक घराण्याच्या अंगणात बसली. आजीचे धाकटे भाऊ एसिलफी मामा हे घराण्याचे प्रमुख. निवृत्त पोस्टमास्तर, अंगावर काळं कापड डाव्या खांद्यावरून घेतलेलं, बोलणं शिक्के मारल्यासारखं. शवपेटी कुठून आणायची, बाजा कुणाचा, जेवणाचं कसं, हे झाल्यावर ते म्हणाले, "नातवंडांची श्रद्धांजली टीना वाचेल."

टीना ही आराबाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. राजधानीत, अक्रात शिकलेली, गुणी पोर, वाचायला लागली की रेडिओच.

"मामा," आराबा म्हणाली, "आईने एकुवाचं नाव घेतलं होतं. सगळ्यांच्या देखत."

"घेतलं असेल. ताईला काय होतं, तिने जन्मात एक ओळ वाचली नाही, म्हणून तिला वाचणं सोपं वाटायचं. अक्राहून माणसं येणार आहेत. आणि गीतांच्या फलकाचं विसरलीस?"

कुणीही विसरलं नव्हतं. एकदा एका अंत्यविधीला एकुवाला चर्चमधल्या फलकावर गीतांचे आकडे लावायला दिले होते आणि तिने एकोणीसचे एक्याण्णव केले. बाजावाल्याने बारशाचं गीत सुरू केलं, आणि चार माणसं खांद्यावर पेटी घेऊन दारात उभी. लोक खाली माना घालून हसत होते. सगळ्यात मोठ्याने हसली होती ती एकुवा आजी. "माझ्यावेळीही हेच लावा," ती म्हणाली होती, "निदान कुणी पेंगणार नाही."

"आठवतंय," आराबा म्हणाली. "तरी वाचेल ती."

"आणि अडली तर? भर चर्चमध्ये, पेटीसमोर?"

आराबा उभी राहिली. तिला बैठकीत बोलायची सवय होती, लोक तिचं ऐकतही. "शेवटपर्यंत वाचू शकली नाही, तर यापुढे या अंगणात मी बैठकीला येईन, पण तोंड उघडणार नाही."

"सगळ्यांनी ऐकलंय बरं का," मामा म्हणाले.

"ऐकावं म्हणूनच बोलले."

घरी येताना मात्र तिला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. पण देवाच्या आणि मामांच्या समोर बोललेलं परत घेता येत नाही.

मजकूर टीनानेच लिहून पाठवला, सुरेख लिहिला होता. महिनाभर एकुवा तो पुठ्ठ्याच्या खिडकीतून वाचत होती, आराबा तिला तो पीठ मळताना म्हणून दाखवत होती, आणि एबो वल्हं फिरवत दोघींच्या चुका काढत होता. वाचता वाचता पोरीला तो सगळा पाठ झाला. कागद हातात असावा म्हणून असायचा, एवढंच.

अंत्यविधीच्या सकाळी शोकाच्या कपड्यांनी सगळीकडे काळं-लाल झालं होतं. पेटी अंगणात येऊन ठेवलेली, बायांचं रडणं सुरू झालेलं, आणि श्रद्धांजलीच्या पुस्तिका अजून मॅन्केसिमच्या छापखान्यातच. त्या नेहमीच अशा शेवटच्या घटकेला येतात. गाडी नाक्यावर थांबली तशी एबोने पळत जाऊन गठ्ठा डोक्यावर आणला. शाईचा वास अजून ओला होता.

एकुवाने पुस्तिका उघडली. पहिलं पान ठीक होतं. दुसरं उलटलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई, हे माझं नाही."

आराबाने पाहिलं. नातवंडांच्या श्रद्धांजलीत मध्येच एक भलामोठा परिच्छेद घुसला होता. घराणं कुठून आलं, कोण कुठल्या हुद्द्यावर होतं, कोणकोण मान्यवर आजीला ओळखत होते. लांबलांब इंग्रजी शब्द, ओळीच्या ओळी. ती तशीच मामांकडे गेली.

"मामा, हे कुणी घातलं?"

"मी. घराण्याची माहिती नको का पाहुण्यांना? छापखान्यात गेलो होतो, सांगून टाकली."

"पोरीने आधीचं तयार केलंय! आणि पुस्तिका सगळ्यांच्या हातात असणार, छापलंय तेच वाचावं लागेल."

मामा गोंधळले. त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. वाचणाऱ्याला चार ओळी वाढल्या काय अन् कमी झाल्या काय, हीच त्यांची समजूत. "मग टीना आहेच की," ते म्हणाले.

टीना जवळच उभी होती. हळूच म्हणाली, "मावशी, मी पुढच्याच बाकावर बसते. एकुवाने नुसती मान हलवली तरी येईन."

आराबाने मुलीकडे पाहिलं. "देऊ या का टीनाकडे? मला चालेल, खरंच. बैठकीत गप्प बसायला मला काही मरण येत नाही."

एकुवाने काळ्या झग्याच्या खिशातून पुठ्ठा काढला, शाईवर फुंकर घातली आणि म्हणाली, "आजीचं नाव मला दिलंय की टीनाला?"

चर्च भरून बाहेर मांडवात माणसं बसली होती. एबोला बाकावर बसवण्यात अर्थ नव्हता, म्हणून आराबाने त्याला दाराशी उभं करून पाण्याच्या पिशव्या वाटायचं काम दिलं होतं. आजीच्या मुला-मुलींची श्रद्धांजली झाली, महिला मंडळाची झाली, आणि पाळकसाहेबांनी एकुवाचं नाव घेतलं.

पहिलं पान तिने असं म्हटलं की मागून कुणीतरी 'आमेन' दिलं. मग तिने पान उलटलं, ओळीवर पुठ्ठा ठेवला, दोन शब्द वाचले आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. एक लठ्ठ शब्द वाटेत आडवा पडला होता. तिचं बोट त्याच्यावर पुढे गेलं, मागे आलं. हातपंखे थांबले. कुणीतरी खोकलं. पुढच्या बाकावर टीना अर्धवट उठली. मामांनी डोळे मिटून घेतले. आराबाच्या तोंडून एवढंच निघालं, 'प्रभू, शब्द नको सांगूस. तिला फक्त थोडा वेळ दे.'

आणि दारातून एक चिरका आवाज आला.

"नदी भरली होती गं बाई, सांग कोण उतरून पार गेलं?"

एबो! पाण्याच्या पिशव्या कवटाळून, डोळे मिटून, आजीचं पद. मध्येच तोंड उघडतो म्हणून आजवर त्याला किती वेळा या चर्चमधून कान धरून बाहेर काढलं होतं, याचा हिशोब नाही. पण पद धरलं गेलं की ते एकटं सोडायचं नसतं. महिला मंडळाच्या बाकांवरून आवाज उठला, "प्रभूने हात दिला, हात दिला!" पांढरे रुमाल हवेत गेले. म्हाताऱ्या बाया उभ्या राहून डोलायला लागल्या. अक्राहून आलेल्या पाहुण्यांनी चष्मे काढले.

"पोर कोसळली हो," एक बाई दुसरीला म्हणाली. "आजीवर जीवच तेवढा होता."

"रडू दे, रडू दे, मोकळी होऊ दे."

बोलायला उभं राहिलेलं माणूस दुःखाने अडलं की पद धरून त्याला सावरायचं, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. सगळ्यांना वाटलं, तेच झालं. पण आराबा बघत होती. त्या गाण्याच्या आडोशाला तिची मुलगी पुठ्ठा ओळीवर दाबून धरून ओठ हलवत होती. तुकडा, तुकडा, मग दोन्ही जोडून. एकुवाने मान वर केली. पद ओसरलं. आणि तिने तो शब्द खणखणीत वाचला, पुढच्या ओळीसकट.

पुन्हा अडली. या वेळी एबोच्या आधी बैडूकाकूंनी पद धरलं. त्या आजीच्या जुन्या मैत्रीण, त्यांचा आवाज ढोलासारखा. तिसऱ्यांदा तर बाजावालेही सामील झाले. घराणं कुठून आलं, कोण कुठल्या हुद्द्यावर होतं, सगळे मान्यवर एकेक करून त्या पदांच्या मधून बाहेर आले, एकही गळला नाही. टीना केव्हाच खाली बसली होती आणि मनसोक्त रडत होती. शेवटची ओळ आली. एकुवाने पुठ्ठा बाजूला केला, पेटीकडे पाहून ती ओळ म्हटली, आणि पुस्तिका मिटली.

आराबा रडली नाही. ती ताठ उभी राहिली आणि सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.

पेटी पुरून परत येताना तिने एबोला विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं रे पद धरायला?"

"कुणी नाही. ती थांबली. आजी असती तर तिने धरलं असतं." आणि लगेच, "आई, उरलेल्या पाण्याच्या पिशव्या मी कुठे ठेवल्या सांग बरं?" त्या कुणालाच सापडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवारची आभाराची उपासना झाली, आणि काळी-पांढरी कापडं नेसून माणसं अंगणात जेवायला बसली. एसिलफी मामा हात धुऊन उठले. सगळ्यांसमोर त्यांनी एकुवाला जवळ बोलावलं.

"पोरी, माझं चुकलं. मी टीनाचं नाव घेत होतो. पण काल तू जे रडत रडत वाचलंस ना! पाहुणे म्हणत होते, असा अंत्यविधी अक्रातही पाहिला नाही. शब्द फुटत नव्हता तुझ्या तोंडून, इतकी माया!"

बाया 'हो हो' म्हणाल्या. आराबाच्या हातात केन्कीचं ताट होतं. ती तशीच उभी राहिली. मान मिळाला होता, पैज जिंकली होती. गप्प राहिलं की झालं. एकुवाने आईकडे पाहिलं. आराबाने काहीच खूण केली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. हे पोरीचं होतं.

"आजोबा," एकुवा म्हणाली, "मी रडत नव्हते. मला शब्द लागत नव्हते."

मामांना कळेना. "म्हणजे?"

"मला हळू वाचता येतं. अडते मी. बाया गात होत्या तोवर मी पुढचं लावून घेत होते."

"सगळं? मी घातलेलंसुद्धा?"

"ते सगळ्यात अवघड होतं."

मामांनी चारी बाजूंना पाहिलं. "अरे, मग काल रडलं कोण?"

"आम्ही!" बैडूकाकू मासा चघळत म्हणाल्या. "फुकटात रडवलं पोरीने आम्हाला. माझा रुमाल अजून ओला आहे."

आधी बाया हसल्या, मग पुरुषही. मामा हसले नाहीत. त्यांनी खिशातून पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि आपला परिच्छेद स्वतःशी वाचायला लागले. मध्यावर आल्यावर तेही जरा अडखळले. पुन्हा मागून सुरुवात केली. मग चष्मा काढून म्हणाले, "फारच लांबवलंय मी हे."

"हो," एकुवा म्हणाली.

"वर्षाच्या स्मरणाच्या उपासनेला शास्त्राचा धडा हीच वाचेल," ते सगळ्यांना म्हणाले. "अडू दे किती अडायचंय ते."

"मामा," आराबा पुढे झाली, "धडा कुठला ते आधी कळायला हवं. छापून आल्यावर नाही."

"कळेल. महिनाभर आधी, लेखी. आणि मधे कुणीही काही घालणार नाही. मीसुद्धा." मग त्यांनी तिच्याकडे तिरकं पाहिलं. "म्हणजे बैठकीत आता तू तोंड बंद ठेवणार नाहीस तर."

"आता तर मुळीच नाही."

"वाटलंच होतं. त्या पोराला कुठे उभं करायचं तेही ठरवून ठेव. दारात नको, पुढे आण जरा."

सोमवारी आराबाने नेहमीप्रमाणे चूल पेटवली. एबो वल्हं फिरवत होता, एकुवा पानं भिजवत होती. आराबाने ओल्या हातांनीच डोळे मिटले. नवऱ्याचं काम, पत्रे, गुडघे, या सगळ्याचं मागणं एव्हाना सुरू झालेलं असायचं. पण तिला काही मागायचंच सुचेना.

"प्रभू," ती म्हणाली, "ही दोघं माझी आहेत, तुला माहीत आहे. तरी आज सांगते. दोघंही माझी आहेत."

"आई, लवकर आमेन म्हण ना," एबो ओरडला, "पीठ लागतंय!"